शुक्रवारी, सगळे एका जागी

आई,

तू गेलीस तेव्हा दादा शुद्धीत नव्हता. तुला ते माहीत होतं आणि तेच मनात घेऊन तू गेलीस. पुढचं काही तुला कुणी सांगितलेलं नाही. एवढी वर्षं मी स्वयंपाक करताना, वर्गात शिरताना मनातल्या मनात तुझ्याशी काहीबाही बोलत आले, पण हे नीट पहिल्यापासून सांगावं असं आता वाटलं, कारण गेल्या महिन्यात दादा माझ्या शाळेत आला आणि लोकांसमोर बोलला. तिथवर पोचायचं तर आधी एका दुसऱ्याच घरातल्या मुलाचं सांगावं लागेल. घाई करू नकोस. तुला सगळं आधी ऐकायचं असायचं, बाजारातली टोपली उतरवायच्या आधीसुद्धा.

माझी शाळा आता भिवंडीत, धामणकर नाक्याच्या मागच्या बाजूला आहे. दोन्ही अंगांना कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने. खिडक्या लावल्या तरी तो खडखडाट आत येतो आणि शिकवताना माझा आवाज आपोआप चढतो. घरी आल्यावर मुलं म्हणतात, आई, आम्ही इथेच आहोत. वर्गात आपल्यासारखी इथली मुलं थोडी. बाकीची सगळी कुठून कुठून कामाला आलेल्या घरांतली, कुणी उत्तरेतली, कुणी तेलंगणातली. त्यातला एक मुलगा आठवीत होता. आईबाप तेलुगू. बाप लूम चालवतो, एक आठवडा दिवसाची ड्युटी, एक आठवडा रात्रीची. आई घरी बसून विड्या वळते. पोरगा दोन-तीन वर्षांचा असताना इथे आला, त्यामुळे मराठी आपल्या गावच्या पोरांसारखी बोलतो. ‘बाई, उंद्या सुट्टी हाय का?’ असं विचारतो तेव्हा मला आपल्या कोन गावात गेल्यासारखं वाटतं. त्याच्या आईला मात्र तेलुगूशिवाय काही येत नाही, हिंदीतले चार शब्द सोडले तर. बापाला हिंदी येते, पण तो कारखान्यात नाहीतर झोपलेला. त्यामुळे रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, घरमालकापुढे, सगळीकडे हा पोरगाच बोलायचा. त्या घराचं तोंड तोच होता.

मागच्या वर्षी तो वर्गात पेंगायला लागला. आधी वाटलं, जागरण असेल. मग एकदा वही तपासताना त्याच्या खिशातल्या रुमालाचा वास आला. पंक्चर काढायच्या सोल्युशनचा. आई, तुझ्या वेळी दारू होती, ताडी होती, दादाच्या वेळी त्यात गोळ्यांची भर पडली. आता शाळेतली पोरं हे हुंगतात. वास माझ्या ओळखीचा झालाय, कारण हा पहिलाच मुलगा नव्हता. आधीचे दोघे शाळा सोडून गेले होते आणि त्यांचं पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही.

मी त्याच्या आईला बोलावलं. नवी साडी नेसून, केसांना तेल लावून आली बिचारी, कार्यक्रमाला आल्यासारखी. आम्ही व्हरांड्यात बसलो. मी हळू आवाजात सांगितलं, की तुमचा मुलगा नशा करतोय, फार पुढे गेलेला नाही, पण आत्ताच काही केलं पाहिजे. आणि मुलाला म्हटलं, हे आईला सांग. तो तेलुगूत बोलला, चांगला लांबलचक बोलला. ऐकता ऐकता तिचा चेहरा फुलला. तिने मला हात जोडले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला कळेना, हे ऐकून कुणी हसतं का? दोघं गेटबाहेर गेली आणि खिचडी शिजवणाऱ्या आमच्या मावशी भांडी घासायची थांबवून माझ्याकडे आल्या. त्याही तेलुगूच, पण पुष्कळ वर्षांच्या इथल्या.

“बाई, तो काय बोलला माहीत आहे? म्हणाला, टीचर सांगते, तुमचा मुलगा गणितात हुशार आहे, त्याला खूप शिकवा.”

माझं डोकं फिरलं. वाटलं, जावं आणि कॉलर धरून त्याला परत आणावं. मी गेटपर्यंत गेलेसुद्धा. नाक्याकडच्या गर्दीत ती दोघं चालली होती, तिचा हात अजून त्याच्या पाठीवर होता. आणि मला तुझं बोलणं आठवलं.

मी दहावीत असेन. भर दुपारी दादा आपल्या ओट्यावर पडलेला आहे, चपला कुठेतरी, तोंडावर माश्या. समोरच्या घरातल्या बायका निवांत बघतायत. मला इतकी लाज वाटली की मी तांब्याभर पाणी त्याच्या तोंडावर मारलं आणि म्हटलं, ऊठ, आत जाऊन मर. तेवढ्यात तू बाजारातून आलीस, टोपली डोक्यावरच होती. माझ्याकडे बघितलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, “तू त्याची बहीन हायस का पोलीस? पोलीस गावात लय हान. बहीन येकच हाय.” मग टोपली खाली ठेवून तू पदराने त्याचं तोंड पुसलंस. मी रडत मोरीत जाऊन बसले. तेव्हा राग आला होता तुझा. नंतर शिक्षिका झाले तेव्हा पहिल्याच दिवशी तू मला बाजारातून चामड्याच्या चपला आणून दिल्यास, दिवसभर उभी राहशील म्हणालीस, आणि मी त्या घालून वर्गात गेले तेव्हा एक उनाड पोरगा मागच्या बाकावर झोपला होता. त्याला उठवायला मी पट्टी उचलली नाही. ते तुझ्यामुळे.

तर गेटपासून मी परत फिरले. त्याच सुमारास एका संस्थेची माणसं शाळेत यायला लागली होती. त्यांचं म्हणणं असं, की नशेबद्दल नुसतं मुलांना भाषण देऊन काही होत नाही, आईबापांना नुसतं बोल लावूनही नाही. घरच्या सगळ्यांना एकत्र बसवायचं. आधी मोठे एका खोलीत, मुलं दुसरीत, आणि मग सगळे मिळून. शिक्षकांनी ते शिकून घ्यायचं आणि चालवायचं. हे ऐकताना मला एकदम आपला स्वयंपाकघराचा कोपरा दिसला. तू निवट्या मासळी साफ करते आहेस, हाताला राख लागलेली. बाहेर भावकी जमलेली, बाबांना सांगतायत, पोराला बांधून ठेवा. काकी तुला सांगून गेली, लग्न लावून दे, सुधरेल. मास्तर मला सांगून गेले, तू अभ्यासात लक्ष घाल. दादाला तर जो येईल तो सांगत होता. आणि तू मान वर न करता म्हणालीस, “सगली मना सांगतान, त्याला सांगतान, तुझे बापाला सांगतान. आमाला येका जागी कुनी बसवला न्हाय.”

मी संस्थेच्या लोकांना म्हटलं, माझ्या शाळेत करू. शुक्रवारी करू, कारखाने शुक्रवारी बंद असतात.

मी त्या आईला पुन्हा बोलावलं. ह्या वेळी मावशींना शेजारी बसवलं आणि मुलालाही बसवलं, कारण त्याच्या पाठीमागे काही बोलायचं नव्हतं. मावशींनी सांगितलं तसं तिने पदर तोंडावर ओढला. मग जे बोलली ते मावशींनी मला सांगितलं, “ती म्हणते, दिवसभर माझ्या मांडीवर तंबाखू भरलेलं सूप असतं. मी त्याला कोणत्या तोंडानं सांगू?” मुलगा खाली बघत होता. ती म्हणाली, ह्याला गावी आजीकडे पाठवते. मी म्हटलं, पाठवा, पण आधी काही शुक्रवार माझ्याकडे या.

ती आली. बाप आला नाही. पहिल्या शुक्रवारी प्रत्येकाने आपल्या मुलाबद्दल एक चांगली गोष्ट त्याच्या तोंडावर सांगायची होती. आई, सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले! आपल्याकडे मुलाची स्तुती तोंडावर कोण करतं? एका बाईने सांगितलं, माझी मुलगी भांडत नाही. एक बाप म्हणाला, चांगलं काय, जेवतो बरा. सगळे हसले. ह्या आईची पाळी आली तेव्हा ती मावशींच्या कानात काहीतरी बोलली आणि मावशींनी मोठ्याने सांगितलं, “हा मला दवाखान्यात घेऊन जातो. डॉक्टर काय विचारतो ते मला लाज वाटू न देता सांगतो.” पोरगा लाल झाला. उठून पाणी प्यायला गेला तो लवकर आलाच नाही.

पुढच्या वेळी विडीचा विषय तिनेच काढला. संस्थेच्या बाईंनी सांगितलं, काम सोडा असं कुणी म्हणत नाही, पण ते का करता ते मुलाला सांगितलंय का कधी? सांगितलं नव्हतं. तिने तिथेच सांगितलं. घरी बसून दुसरं काम मिळत नाही म्हणून करते, तुझ्या हातात हे दिसावं म्हणून नाही करत. आणखी एक गोष्ट त्यांनी त्या खोलीत ठरवली. रेशनच्या दुकानात आता ती बोलणार, मुलगा नुसता बरोबर जाणार. पुढच्या शुक्रवारी तिने सांगितलं, की मोडक्या हिंदीत तिने साखरेऐवजी काहीतरी भलतंच मागितलं, दुकानदार हसला, पोरगा हसला, शेवटी तीही हसली. पण साखर तिने स्वतः मागून आणली. हे सांगताना ती ताठ बसली होती. आणि मुलाच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं. चौदा वर्षांच्या पोराने घरात सगळ्यांच्या वरचढ असावं, हे त्यालाही पेलत नव्हतं.

बाप आला तो असाच एका शुक्रवारी, बायकोने ओढत आणल्यासारखा. दारातूनच तो एवढ्या मोठ्याने बोलला की बाकीच्यांची बोलणी थांबली. पोरगा आक्रसून भिंतीला टेकला. त्या दिवशी मोठ्यांनी आपण घर सोडून इथे कसे आलो ते मुलांना सांगायचं होतं. बाप हिंदीत सांगायला लागला, तारस्वरात. बारा-तेरा वर्षांचा असताना मामाबरोबर आला. कारखान्यातच राहायचा, लूमच्या बाजूला कापडाच्या चिंध्यांवर झोपायचा. आईची आठवण आली की लूम चालू असताना रडायचा, कारण त्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. हे सगळं तो ओरडूनच सांगत होता. संस्थेच्या बाई म्हणाल्या, जरा हळू बोला, मुलगा घाबरतोय. तो गोंधळला. इकडेतिकडे बघून म्हणाला, “मैडम, मैं गुस्सा नहीं है. लूम पे कान गया मेरा. मेरेको मेरा आवाज सुनाई नहीं देता.”

पोरगा मान वर करून बापाकडे बघायला लागला. मी त्याला विचारलं, तुला माहीत नव्हतं? तो मराठीत म्हणाला, “बाई, मला वाटायचं ते माझ्यावर कायम चिडलेलेच असतात. म्हणून मी ते घरी असले की बाहेर जायचो.” मी ते बापाला हिंदीत सांगितलं, दोनदा सांगावं लागलं. तो मुलाकडे वळला. मग डावा कान दाखवून मुलाला म्हणाला, “इधर से बोल. इधर थोड़ा आता है.” पोरगा उठून त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

इथेच सगळं चांगलं झालं असं सांगितलं तर तू हसशील. तुला माहीत आहे हे असं होत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर तो पुन्हा नशा करणाऱ्या पोरांत गेला. शाळेत यायचा बंद झाला. बापाने त्याला रिक्षा स्टँडच्या मागे शोधून काढलं. नंतर त्याने बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, “हाथ उठाया था मैंने. फिर नीचे किया. बाजू में बैठ गया.” दोघं तिथेच फुटपाथवर बसून राहिले. त्याची दोस्तमंडळी थोडा वेळ बघत उभी राहिली आणि कंटाळून निघून गेली. मग दोघांनी नाक्यावर चहा घेतला आणि घरी गेले. आई, बाबांना हे कुणी सुचवलं असतं तर? बाबा वाईट नव्हते गं. त्यांना हात उगारण्याशिवाय दुसरं काही दाखवलंच नव्हतं कुणी.

दिवाळीच्या सुट्टीआधी ती आई एकदा मधल्या सुट्टीत शाळेत आली, मुलाला घेऊन. मावशी त्या दिवशी रजेवर होत्या. तिला मला काहीतरी सांगायचं होतं आणि सांगायला तोच होता. ती बोलली. तो जमिनीकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, सांग. तो म्हणाला, “आई सांगते, मागच्या आठवड्यात मी एकदा परत घेतलं.” थांबला. “आणि सांगते की मीच तिला येऊन सांगितलं, तिने पकडलं नाही.” मी तिच्याकडे बघितलं. तिला मराठी कळत नव्हती, पण त्याने खरं सांगितलंय हे तिला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं होतं. त्यानंतर आजपर्यंत, मला माहीत आहे तोवर, त्याने हात लावलेला नाही. आता तो नववीत आहे. गणितात तो खरंच हुशार आहे, हे मी तुला सांगायचंच विसरले.

आता दादाचं. तू गेल्यावर तो आणखी खाली गेला. वहिनी दोनदा माहेरी गेली आणि दोनदा परत आली. व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, पळून आला. परत ठेवला. मी रजा काढून त्याला भेटायला जायचे आणि गप्प बसून यायचे, कारण काय बोलावं ते सुचायचं नाही. मग कधीतरी, कुठल्या एका दिवशी असं सांगता येणार नाही, तो थांबला. माझा धाकटा बालवाडीत होता तेव्हापासून तो थांबलेला आहे, आणि धाकटा आता कॉलेजात जातो. दादा टेम्पो चालवतो. भिवंडीतून कापडाचे तागे भरून कशेळीच्या गोदामात पोचवतो. जाडा झालाय. नातीला खांद्यावर घेऊन गावभर फिरतो. होय, तुला पणती आहे.

गेल्या महिन्यात माझी स्कूटर बंद पडली म्हणून तो शुक्रवारी मला न्यायला आला. बैठक संपली नव्हती, तो दारात उभा राहिला. आत एक नवीन बाप बसला होता, त्याचा मोठा मुलगा पार वाया गेलाय असं तो सांगत होता. म्हणत होता, जो गया वो गया, मैडम, वापस कौन आता है? आणि दारातून दादा म्हणाला, “मी आलो ना.”

सगळ्यांनी वळून बघितलं. मी त्याला आत बोलावलं. तो यायला तयार नव्हता, ‘ऱ्हाऊ दे बाय’ म्हणत होता. मग आला. खुर्चीवर बसला नाही, मुलांबरोबर सतरंजीवर बसला. आपल्या भाषेत बोलला, मध्येच हिंदीत, आणि मावशी तेलुगूत सांगत गेल्या. म्हणाला, “माजी आय इचारायची, कना होतास, जेवलास का? मी कदी खरा सांगला न्हाय. ती समोर आली का मी पलून जायचो. पन तिनी मना कदी जा न्हाय बोलली. कितीबी पिऊन पडलो तरी आपला घर कना हाय ते मना म्हाईत होता. म्हनून मी वापस आलो. न्हाय तं कना आलो असतो?” तो नवीन बाप पुढे सरकला. त्याने विचारलं, कितने साल लगे? दादा म्हणाला, “लय. पन तुमी आज बसलाव ना हितं. आमी बसलोच न्हवतो.”

मग आम्ही टेम्पोतून निघालो. वाटेत कोनजवळ त्याने टेम्पो बाजूला घेतला आणि मोकळेपणी रडला. मी त्याची पाठ थोपटत राहिले. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या, मारू दिले. मग डोळे पुसून म्हणाला, “पुढचे शुक्रवारी येऊ का?” तेव्हापासून तो दर शुक्रवारी येतो. नवीन बापांना तो बरा वाटतो, माझ्यापेक्षा बरा. परवा तो तेलुगू बाप आणि दादा गेटबाहेर एकमेकांच्या कानाशी ओरडत गप्पा मारत होते, अर्धा नाका ऐकत असेल.

असं सगळं चांगलं चाललंय. पुढच्या महिन्यात बैठकांची दुसरी तुकडी सुरू होईल, आणि ह्या वेळी ती तेलुगू आई नव्या बायकांना घरोघरी जाऊन बोलावणार आहे. मला ती मनापासून आवडते. तरी तुला म्हणून सांगते, दादाला नाही, कुणालाच नाही. शुक्रवारी ती नवरा आणि मुलगा ह्यांच्या मधोमध बसते, मी तिला पाणी नेऊन देते, हसते, आणि त्याच वेळी मला तिचा हेवा वाटतो. माझ्यासाठी नाही गं. तुझ्यासाठी वाटतो.